कॉट, फ्लॅट की हॉस्टेल? पुण्यातल्या विद्यार्थी-बिऱ्हाडांचं परीक्षण

‘टूबीएचके, पाच मुलं, डोई साडेपाच हजार, पाणी चोवीस तास, मालक बाहेरगावी.’ कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेरीच्या) याद्या लागल्या की कर्वेनगर, धनकवडी, कोथरूड, विमाननगर भागातल्या एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अशा ओळी पडायला लागतात. त्यातला एकच आकडा सगळे वाचतात, तो म्हणजे डोई भाडं. पुढच्या अकरा महिन्यांत सगळ्यात कमी उपयोगाचा ठरतो तोही हाच. कॉलेजच्या वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून बाहेर राहणाऱ्याने आधी तीन गोष्टी विचाराव्यात: एका बाथरूममागे माणसं किती, गच्चीवरची टाकी किती लिटरची, आणि करारावर नावं कुणाकुणाची. भाड्यात घासाघीस त्यानंतर.

पुण्यात विद्यार्थ्यांसाठी जागेचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पेठांमधली कॉट, उपनगरातला चौघा-पाचांचा फ्लॅट, आणि एखादी कंपनी किंवा कंत्राटदार चालवतो ते खासगी हॉस्टेल. तिन्ही एकाच तराजूत तोलण्यात अर्थ नाही. ज्याला कॉट सोयीची, त्याला हॉस्टेल परवडणार नाही. आणि जिला रात्री दहानंतर लॅबमधून परतायचं असतं, तिला दहाच्या गेट टाइमचं स्वस्त हॉस्टेल कितीही स्वच्छ असलं तरी काय कामाचं?

पेठांमधली कॉट

सदाशिव, नारायण, नवी पेठ, दत्तवाडी. स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि अभ्यासिका यांच्यामुळे हा पट्टा कॉट बेसिसचं माहेरघर झाला आहे. इथे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली कॉट मिळते: लोखंडी पलंग, कपाटातला एक कप्पा, एक प्लग आणि दोरीवरची दोन हात जागा. गादी बहुतेक ठिकाणी आपली. डिपॉझिट सहसा एका महिन्याचं, सोडताना पंधरा दिवस ते महिनाभर आधी सांगायचं. जमेची बाजू अशी की अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, चहा सगळं चालत पाच-दहा मिनिटांत. गाडी लागत नाही, त्यामुळे पेट्रोल आणि पार्किंगची कटकट वाचते. परीक्षेच्या तारखांवर ज्याचा मुक्काम अवलंबून आहे, त्याने अकरा महिन्यांच्या करारात अडकण्यापेक्षा हे बरं.

दहा बाय बाराच्या खोलीत तीन कॉट नीट बसतात. चौथी आली की दोन्ही लांब भिंती भरून जातात, कपाट दारामागे सरकतं आणि दार पूर्ण उघडत नाही. तेव्हा खोली बघताना कॉट मोजा आणि भिंतीवरचे प्लगही मोजा. चार कॉट आणि दोन प्लग असतील तर एक्स्टेंशन बोर्डला एक्स्टेंशन बोर्ड जोडलेला दिसेलच. त्यावर कुणी पाणी तापवायची कॉइल लावली की वायर मऊ पडायला वेळ लागत नाही.

कॉटवाल्या जागांचा खरा शत्रू मात्र ढेकूण. माणसं सतत बदलतात, गाद्या गावोगावहून येतात, त्यामुळे कितीही नीटनेटक्या मालकाच्या खोलीत ते येऊ शकतात. बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च लावून गादीची शिवण, प्लायवूडचे सांधे आणि लोखंडी पाइपांची उघडी टोकं तपासा. शाईचे बारीक ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर तिथे ढेकूण आहेत. उन्हात गादी टाकून काम अर्धंच होतं, कारण अंडी कॉटच्या फटींत असतात. पाइपांच्या टोकांत उकळतं पाणी ओतावं लागतं आणि औषध दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा मारावं लागतं. पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात, त्यातून निघालेली पिल्लं दुसऱ्या वेळी मरतात. खोलीतल्या सगळ्या कॉटना एकाच दिवशी औषध लागलं पाहिजे. एकाने मारलं आणि तिघांनी नाही, तर ढेकूण फक्त कॉट बदलतात. मालक एकदाच फवारणी करून ‘झालं’ म्हणत असेल तर दुसरी तारीख तिथेच ठरवून घ्या.

कॉटच्या जोडीला मेस येतेच, तर दोन वाक्यं तिच्याविषयी. महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन कूपनांवर दोन वेळा जेवून बघा, त्यातली एक वेळ आठवड्याच्या मधल्या दिवसाची ठेवा; रविवार दुपारच्या फीस्टवरून मेस ओळखता येत नाही. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, ते जेवण वेगळं धरा. आणि खाड्याचा नियम विचारा: किती दिवस सलग नसलं तर पैसे वळते होतात, आधी किती वेळ सांगावं लागतं, आणि वळते म्हणजे पैसे परत की पुढच्या महिन्यात दिवस वाढवून. दिवाळीला गावी जाणाऱ्याचं गणित या एका नियमावर फिरतं.

कॉटचा सगळ्यात मोठा दोष कागदाचा. करार नाही, पावती नाही, भाडं रोख किंवा मालकाच्या भाच्याच्या यूपीआयवर. पत्त्याचा पुरावा शून्य. समाजकल्याण विभागाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, ती सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीच आहे, पण भाड्याने राहत असल्याचा कागद त्यात मागितला जातो. जिथे मालक कागद द्यायला तयार नाही, तिथे महिन्याला वाचलेले पाचशे रुपये अशा विद्यार्थ्याला फार महागात पडतात. कॉटला पाचपैकी तीन. कागद देणारा मालक मिळाला तर साडेतीन.

चौघांचा टूबीएचके

धनकवडीला पीआयसीटी आणि भारती विद्यापीठ, कर्वेनगरला कमिन्स, कोथरूडला एमआयटी, बिबवेवाडीला व्हीआयटी. या प्रत्येक कॉलेजभोवती विद्यार्थ्यांना दिलेल्या फ्लॅटांच्या इमारती आहेत. इथे जागा मोकळी असते, स्वयंपाकघर हाताशी असतं, कोणी वेळ विचारत नाही. पण व्यवस्था सगळी आपणच लावायची, आणि जे बिघडतं ते याच व्यवस्थेत बिघडतं.

एका बाथरूममागे तीन माणसं ही मर्यादा धरा. सकाळच्या पहिल्या तासाला सगळ्यांना एकाच वेळी निघायचं असतं, आणि गीझरला आपला वेळ लागतो. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला वीस-एकवीस मिनिटं घेतो. त्यात थंड पाणी मिसळलं की साधारण दोन बादल्या अंघोळीचं पाणी होतं. म्हणजे पाच जणांच्या पाच बादल्यांसाठी गीझर एका तासाच्या आसपास चालणार. सात वाजता निघायचं असेल तर पहिल्याने साडेपाचला उठायचं. पाच जणांत दोन बाथरूम असतील आणि गीझर एकातच असेल, तर जागा एका बाथरूमची आहे असं समजून चला.

गॅस गीझर असेल तर तो कुठे बसवला आहे ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि माणूस दाराची कडी काढण्याआधी खाली पडतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत हवा. आत असेल तर तो वापरायचा नाही, मग मालक ‘दहा वर्षं चालतोय’ म्हणो की आणखी काही. या मुद्द्यावर तडजोड करण्याइतकं स्वस्त भाडं कुठलंच नसतं.

आता पाणी. ‘चोवीस तास पाणी’ या शब्दांचा अर्थ पुण्यात ‘टाकीत असेपर्यंत पाणी’ असा घ्यावा. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे मानक धरतात. पाच जणांना ६७५ लिटर लागले. फ्लॅटची स्वतंत्र टाकी ५०० लिटरची असेल तर ती संध्याकाळपर्यंत पुरत नाही. इमारतीची सामाईक टाकी असेल तर पंप कोण आणि किती वाजता लावतं ते विचारा. त्यात पुण्याचा गुरुवार. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने, ही महापालिकेची सूचना इथल्या रहिवाशांना तोंडपाठ असते. म्हणून जागा बघायला शुक्रवारी सकाळी आठ-नऊला जा. दुपारी तीनला कुठल्याही नळाला छान धार असते. शुक्रवारी सकाळी बाथरूम, सिंक आणि बेसिन असे तिन्ही नळ एकदम सोडून बघितले की एजंटाच्या तोंडून न निघणारी माहिती नळातून मिळते. शेजाऱ्यांच्या गॅलरीत निळे पिंप ओळीने दिसत असतील तर वेगळं विचारायची गरज नाही.

टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हे करारात लिहून घ्या. उन्हाळ्यात वाद इथेच होतात. बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं: साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाची जाळी पांढऱ्या थराने भरते, गीझरच्या कॉइलवर क्षार चढून पाणी तापायला जास्त वेळ लागतो. वॉशिंग मशीनला पाणी कमी येतंय असं वाटलं तर मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी पाइपच्या टोकाची जाळी काढून धुवा. पिंप भरून ठेवत असाल तर त्याला घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा ते रिकामं करून आतून घासायला हवं. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याची घासणी ही साखळी मधेच तोडते. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कूलर सगळे विसरतात.

विजेच्या बिलावरून भांडणं गीझरच्या नावाने होतात, आणि हिशेब मात्र वेगळंच सांगतो. वर सांगितलेल्या गीझरला पाच अंघोळींसाठी दिवसाला पावणेदोन युनिट लागतात, म्हणजे महिन्याला बावन्न-त्रेपन्न. जुने ७५ वॉटचे चार पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला १०८ युनिट. दुप्पट! बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. चारही बदलले तर हाच आकडा ४३ वर येतो. पंखे मालकाने बदलून द्यावेत अशी मागणी सहा महिन्यांच्या हिशेबासकट केली तर काही मालक ऐकतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि शंभराच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर चांगलाच चढतो. म्हणून एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असलेली जागा टाळा. एक मोठा फ्लॅट मधे पार्टिशन टाकून दोन केलेला असतो, मीटर एकच, आणि दोघांचं मिळून बिल वरच्या टप्प्यात जातं. सबमीटर असेल तर मालक युनिटला ठरावीक दर लावतो. त्या दराने भरलेले पैसे आणि मूळ बिल यांची एकदा तरी तुलना करा. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मिळाला की महावितरणच्या अ‍ॅपवर मागची बिलं आणि थकबाकी दोन्ही दिसतं. राहायला आलेल्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, त्यात मीटरचा नंबर दिसला पाहिजे. जिन्याखाली सोळा मीटर एका रांगेत असतात, नुसत्या आकड्याचा फोटो कुणाचाही असू शकतो.

इंडक्शन आणि गीझर १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच लावायचे. स्वयंपाकघरात मोठा प्लग एकच असेल तर फ्रिज लहान प्लगवर चालतो, इंडक्शन नाही. डीबीमध्ये (घराच्या विजेच्या मुख्य पेटीत) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, आहे का, तिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते का, एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो.

गॅसचं म्हणाल तर मालकाचा सिलिंडर असेल तर उत्तम, त्याचं बुकिंग कुणाच्या मोबाइल नंबरवरून होतं ते विचारा. मालक परदेशी आणि ओटीपी त्याच्या फोनवर, हा घोळ नेहमीचा. स्वतंत्र जोडणी नको असेल तर इंडियन ऑइलचा ५ किलोचा ‘छोटू’ नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे तो घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा महाग पडतो, पण रस्त्यावर चोरून भरून मिळणाऱ्या सिलिंडरपेक्षा शंभर पटींनी बरा. एमएनजीएलची, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅसची, लाइन असेल तर तिच्याही रीडिंगचा फोटो पहिल्याच दिवशी काढा.

स्वयंपाकाच्या मावशींचा दर माणसांवर ठरतो आणि नंतर पोळ्यांवर वाद होतो. (पोळी की चपाती हा वाद तर मराठवाडा आणि पुणे एका फ्लॅटमध्ये आले की पहिल्या आठवड्यातच मिटवावा लागतो.) एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक जाते. चौघांना माणशी चार पोळ्या, दिवसातून एकदा, तर महिन्याला साडेचौदा किलोच्या आसपास पीठ. दहा किलोची पिशवी महिनाअखेरपर्यंत का पुरत नाही याचं उत्तर इथे आहे. मावशींच्या महिन्याच्या दोन सुट्ट्या पगारी धरायच्या आणि पाहुणा असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, हे दोन नियम पाळले तर मावशी टिकतात. कचरा ओला-सुका वेगळा हवा. स्वच्छ संस्थेच्या ताई एकत्र केलेला कचरा उचलत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

कराराचा कागद

या भागावर वेळ घालवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही ‘विद्यार्थ्यांना काय, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो’ हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू येतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च फार नाही. समजा भाडं २८,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ८०,०००, मुदत ११ महिने. एकूण भाडं ३,०८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं ७,३३३. बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे ७९० च्या आसपास मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. याशिवाय जे सांगितलं जाईल त्यात एजंटाच्या घरपोच सेवेचे पैसे असतात, आणि तिथे घासाघीस चालते. आधारवर अंगठा आणि वेबकॅमवर फोटो, असं सगळं घरी बसून होतं. दोन साक्षीदार लागतात. चौघांत वाटलं तर हा खर्च माणशी पाचशेच्या आसपास येतो.

यात सगळ्यात जास्त फसतं ते नावांच्या रकान्यात. एजंटाला घाई असते, म्हणून ‘एकाचंच नाव टाकू, बाकीचे त्याच्याबरोबर राहतील’ असं ठरतं. मग कागदावर बाकीचे तिघे तिथे राहतच नाहीत. त्यांना पत्त्याचा पुरावा नाही, डिपॉझिटवर हक्क सांगता येत नाही. आणि ज्याचं नाव आहे, त्याच्यावर चौघांच्या भाड्याची, तुटलेल्या बेसिनची आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीची जबाबदारी. तो मध्येच इंटर्नशिपला बंगळुरूला गेला तर उरलेल्यांना घरात राहण्याचा कागदी आधारच राहत नाही. चौघांचीही नावं लायसन्सी म्हणून घाला. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती देणं हे मालकाचं काम, ते ऑनलाइन होतं; त्याची प्रत मागून घ्या.

मजकुरात चार कलमं वाचायचीच. लॉक-इन किती महिन्यांचा आणि तो दोन्ही बाजूंना आहे का. अनेक करारांत भाडेकरू सहा महिने बांधलेला असतो आणि मालक मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर मोकळा. सोडताना रंगाचे पैसे कापले जाणार असतील तर रक्कम आकड्यात लिहून घ्या, ‘योग्य ती’ हा शब्द नको. डिपॉझिट चावी दिल्यापासून किती दिवसांत परत. आणि मधे एखादा बदलला तर काय. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात सोपी रीत अशी की, येणाऱ्याने आपला डिपॉझिटचा वाटा जाणाऱ्याला द्यायचा, मालकाला दोघांनी मिळून मेल करायचा आणि त्या दिवशीच्या घराचे फोटो त्यात जोडायचे. नाहीतर पहिल्या तुकडीने तडा पाडलेल्या काचेचे पैसे तिसऱ्या तुकडीकडून कापले जातात. मुदत संपल्यावर करार न वाढवता तसंच राहू नका. त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट लायसन्स फीचा दावा करू शकतो.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता येत नाही, आणि ते मालकाने भरायचं असतं. ‘बॅचलर लोकांचं मेंटेनन्स दुप्पट’ असं कुणी म्हणालं तर पावती मागा. उलट बाजूही सांगायला हवी. चपला कॉरिडॉरमध्ये, गाड्या दुसऱ्याच्या जागेत आणि गच्चीवर रात्री बारापर्यंत आवाज, या तीन तक्रारी आल्या की कागद कितीही पक्का असो, पुढच्या वर्षी करार वाढत नाही.

जागेच्या दिशेबद्दल थोडकंच. वरचा मजला एप्रिल-मेमध्ये रात्री दहालाही तापलेला असतो. तळमजल्यावर पावसाळ्यात ओल, डास आणि सिंकमधून उलटं येणारं पाणी. मधला मजला बघा. आणि जून ते सप्टेंबरमध्ये जागा बघत असाल तर पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवून बघा, नवा रंग ओल झाकतो, गारवा झाकत नाही. मेट्रो जवळ असेल तर माणशी दुचाकी लागत नाही. वनाज ते रामवाडी मार्गामुळे कोथरूडला राहून शिवाजीनगरच्या सीओईपीला जाणं सोपं झालं आहे. स्वारगेटपर्यंतची मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून आहे, पण धनकवडीच्या कॉलेजांना तिथून पुढे बसच धरावी लागते.

वर सांगितलेलं निम्मं जरी जुळलं तरी फ्लॅटला पाचपैकी चार. एका नावाचा नोटरी केलेला करार आणि बंद बाथरूममधला गॅस गीझर असेल तर शून्य.

खासगी हॉस्टेल

विमाननगर, वाकड, कोथरूडमध्ये रंगीत भिंतींची, लाउंज आणि बीन बॅगवाली हॉस्टेलं आहेत. नाश्ता-जेवण, वायफाय, साफसफाई, लाँड्री सगळं एका आकड्यात. पहिल्या वर्षाला, शहर नवं असताना आणि आई-वडील काळजीत असताना, हा मार्ग वाईट नाही. पण इथे तुमचा करार इमारतीच्या मालकाशी नसून चालवणाऱ्याशी असतो, आणि लॉक-इन बऱ्याचदा पूर्ण अकरा महिन्यांचा. नोव्हेंबरमध्ये जेवण आवडेनासं झालं तरी जूनपर्यंत पैसे द्यायचे. मेसचे पैसे वेगळे काढता येतात का, हा प्रश्न सही करण्याआधीचा.

बिलात जीएसटी लावला असेल तर नीट बघा. जुलै २०२४ पासून, माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवस राहायच्या निवासावर जीएसटी नाही. यात कॉलेजबाहेरची हॉस्टेलंही येतात. जेवण-लाँड्रीचं बिल वेगळं दाखवलं असेल तर त्याचा कर वेगळा, पण भाड्यावर सरसकट टक्के चढवलेले दिसले तर हा नियम दाखवा.

मजल्यावर दोन जिने आहेत का, गॅलरीच्या जाळीला उघडणारा भाग आहे का, अग्निशामक सिलिंडरवरची तपासणीची तारीख कोणती, हे तीन प्रश्न लाउंजच्या फोटोंपेक्षा महत्त्वाचे. रात्री बाहेरचं दार कुलूपबंद ठेवतात तिथे चावी कुणाकडे असते तेही विचारा. मार्क साडेतीन, दुसऱ्या वर्षापासून तीन.

सोडताना

नोटीस मेलवर द्या, फोनवर नाही. राहायला येताना केलेल्या सामानाच्या यादीवर मालकाची सही असेल, तर जाताना तीच यादी घेऊन खोलीखोलीतून फिरायचं. पंखा, ट्यूब, नळ, गीझर चालू करून त्याचा एकसलग व्हिडिओ काढा. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या असं मालकाला परस्पर कळवू नका. त्याने हो म्हटलं तर लेखी घ्या. वायफायचं कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, त्याने राउटर परत केल्याची पावती जपून ठेवावी, नाहीतर त्याचं भाडं चालू राहतं. वीज आणि गॅस या दोन्ही मीटरच्या रीडिंगचे फोटो चावी देण्याच्या दिवशीचे हवेत, कारण पुढची तुकडी त्याच संध्याकाळी आत येते आणि एसी लावते.